पंचानं प्याला पुढं सरकवला

त्या सकाळी पोलीस ठाण्याच्या मागल्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजी पुढं घोळ होणार न्हाई. आमचे मोठे साहेब, म्हंजी पोलीस निरीक्षक. जबाब लिहिणारा रायटर. मी, महिला हवालदार. समोरच्या बाकड्यावर फोर्जिंगच्या, म्हंजी तापल्या लोखंडाला आकार द्यायच्या कंपनीत प्रेस चालवणारा एक माणूस, पन्नाशी ओलांडलेला. त्याची बायको. त्यांची एकवीस वर्षांची मुलगी. आन त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब, वयानं तरुणच. नावं कुणाची सांगणार न्हाई. माणसं जित्ती हायत, इथंच राहतात.

नोकरीत खून बरेच बघितले. ही केस मात्र मनातून गेली न्हाई. माझी शाळा सातवीपातूर. मालक पोलिसात होते, ड्यूटीवर असताना गेले आन त्यांच्या जागेवर मला घेतलं. त्यामुळं बोलते तसंच लिहिते हाय.

चाकणच्या अंगाला दगडाची एक बंद खाण हाय. त्या सकाळच्या काही दिवस आधी तिथं पाण्याच्या कडेला एका मुकादमाचं प्रेत सापडलं. हा मुकादम कंपन्यांना पॅकिंगच्या कामाला पोरी पुरवायचा. कपाळावर जड लोखंडाचा एकच घाव होता. साहेब प्रेताजवळ उकिडवे बसले आन म्हणाले, "समोरून मारलाय. म्हंजी ओळखीचा. अनोळखी माणसाला कोण एवढं जवळ येऊ देतंय?"

मुकादमाचं आदल्याच दिवशी एका गॅरेजवाल्याशी जोरात भांडण झालं होतं, गाडीच्या कामावरून. शिव्या सगळ्या चौकानं ऐकल्या होत्या. गॅरेजवाला बीडकडून आलेला, इथं कुणी पाठीशी न्हाई. आमच्या पोरांनी त्याला उचलून आणला. गॅरेजमध्ये नट-बोल्ट आवळायचे लोखंडी पाने तर ढिगानं.

रायटर मला म्हणाला, "बाई, केस संपली. चहा सांगा."

मी म्हणलं, "चहा तू सांग. मी पोरींकडं जाऊन येते."

साहेबांनीच सांगितलं होतं, मुकादमाकडं कामाला असणाऱ्या पोरींना घरी जाऊन विचारा म्हणून. बाप्या पोलीस दारात उभा राहिला की पोरी भिंतीकडं बघतात. बाई गेली की निदान पाणी तरी देतात. तसं करत करत मी त्या प्रेसवाल्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, नगरकडनं आलेलं ख्रिश्चन कुटुंब. मुलगी दारात आली. मुकादमाचं नाव मी काढलं आन ती तशीच मागं वळून मोरीत गेली. ओकारीचा आवाज आला.

आई म्हणाली, "पित्त झालंय."

मी व्हय म्हणलं. तीन बाळंतपणं केलेल्या बाईला पित्त कळतं.

मंग मी तिच्या मालकांचं विचारलं, कामावर गेलेत का. तर बाई म्हणाली, "कामावर जातात. पण जेवत न्हाईत नीट. आन बाई, हे आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच हायत. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आमच्यात. भाकर आन द्राक्षरसाचा प्याला असतो. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी चुकवलं न्हाई. ह्या खेपेला प्याला हातात आला आन तसाच पुढच्याला दिला. सगळी मंडळी बघत होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं."

ती बाई नवऱ्याची तब्येत सांगत होती. खुनाचा माग सांगत न्हवती. मला पण त्यातलं काही कळलं न्हाई, आमच्यात प्रसाद कुणी नाकारत न्हाई. म्हणून जाता जाता मी पाळकसाहेबांकडं गेले. ते चर्चच्या अंगणात खुर्च्या लावत होते.

मी विचारलं, "साहेब, तो प्याला माणूस कधी घेत न्हाई?"

ते म्हणाले, "मनात कुणाबद्दल वैर असेल, किंवा हातून मोठं पाप झालं असेल आणि अजून कबूल केलेलं नसेल, तर माणूस आपण होऊन बाजूला राहतो. तसाच घेतला तर स्वतःवर न्याय ओढवून घेतो, असं आम्ही मानतो. का विचारता?"

"उगीच."

"मावशी, पोलीस उगीच विचारत नाहीत," ते म्हणाले. आन परत खुर्च्या लावायला लागले.

चोरी करणारा, मारामारी करणारा, पोलिसाशी बिनदिक्कत खोटं बोलतो. खोटं बोलायचं न्हाई अशी एकच जागा त्याला असते. ती जागा कुठली ते कळलं पाहिजे. ह्या माणसानं तो घोटभर रस पिऊन टाकला असता तर आमी गॅरेजवाल्यावरच चार्जशीट घातलं असतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते हसले न्हाईत. दुसरे कुणी साहेब असते तर हसले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसवाल्याला बोलावलं, तर तो बायको-मुलीला घेऊन आला आन मागोमाग पाळकसाहेब. साहेबांनी सगळ्यांनाच आत बसू दिलं. असं करायची पद्धत न्हाई, पण त्यांना काहीतरी दिसलं असणार.

साहेबांनी हात उगारला न्हाई, आवाज चढवला न्हाई. एवढंच म्हणाले, "बाहेर तो गॅरेजवाला बसलाय बघितला का? बारकी दोन लेकरं हायत त्याला. त्याची बायको सकाळपासून फाटकात उभी हाय."

प्रेसवाल्यानं विचारलं, "त्याला काय होईल?"

"खून हाय. जन्मठेप होईल. फाशी पण होईल. कोर्टाचं काम."

माणसानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. भट्टीपुढं काम करणाऱ्याचे हात, पार काळे पडलेले. मंग म्हणाला, "त्याला सोडा. मी मारलाय."

बायकोनं तोंडावर पदर धरला.

त्यानं सांगितलं ते असं. मुकादमानं मुलीवर जबरदस्ती केली होती, काम घालवीन म्हणून. पोरीनं भ्यानं बरेच दिवस सांगितलं न्हाई. सांगितलं तवर चौथा महिना लागला होता. बाप म्हणाला, लेकराचा काही दोष न्हाई, देवानं दिलेला जीव हाय, वाढवायचा. आन मुकादमाला जाब विचारायला खाणीकडं गेला. कामावरून सुटला होता, पिशवीत पाना होताच.

"मी मारायला गेलो न्हवतो, साहेब. लग्न कर न्हाईतर पोलिसात चल, एवढं बोलायला गेलो. तर तो हसला. म्हणाला, त्यात काय, खाली करून टाका, डॉक्टर माझ्या ओळखीचा हाय. तो लेकराला मारा म्हणाला, साहेब. मंग मला काही दिसलं न्हाई."

ह्या धंद्यात लई कारणं ऐकली, जमीन, बाई, दारू. पोटातला जीव वाचवायला बाहेरचा जीव घेतला, हे कारण पहिल्यांदाच.

पुढं तो म्हणाला, "मला फाशीच द्या. वकील नको. जिवाच्या बदल्यात जीव, शास्त्रात लिहिलंय."

रायटर पुटपुटला, "लई सोपं झालं साहेब, आरोपीच फाशी मागतोय."

"तू लिही गप," साहेब म्हणाले. "आन तुमी ऐका. फाशी मागून मिळत नसते. आमच्यापुढचा कबुलीजबाब तर कोर्टात धरत पण न्हाईत. पाना कुठं टाकला ते दाखवा आधी."

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "पंचकाका, शास्त्रात त्याच्या आधी काय लिहिलंय ते विसरलात. पहिला खून भावानं भावाचा केला. देवानं त्याला मारलं नाही. कुणी त्याला मारू नये म्हणून खूण केली आणि जगू दिलं. जीव देणारा तो, घेणाराही तोच. सरकारनंही घेऊ नये, असं मी मानतो."

"तुमी शिकलेले हाय, तुमी मानाल," प्रेसवाला म्हणाला. "माझ्या बापानं मला शिकवलं, खुनी माणसाचं रक्त सांडलंच पाहिजे, न्हाईतर भूमी विटाळते. आता तो खुनी मी, तर नियम बदलू व्हय?"

त्याचं म्हणणं मला पटलं न्हाई, पण माणूस सरळ होता.

मंग तो मुलीकडं न बघता बायकोला म्हणाला, "माझं काहीही होऊ दे. पण पोट राहू द्यायचं. मला शब्द दे."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. आवाज न चढवता बोलली. "मुकादमाला मारताना देवाला विचारलं व्हतं का? न्हाई ना? मंग हिच्याच पोटाचं तेवढं देवाला विचारायचं व्हय? तुमी फासावर चढाल, तुमचं शास्त्र पुरं होईल. सकाळी उठून ह्या पोरीबरोबर नळावर उभं मला ऱ्हायचंय."

"मंग काय, मारायचं लेकरू?"

"मी तसं म्हणले का? मला पण ते पापच वाटतं. पण मला वाटून काय होतंय."

बाप, आई, पाळक, तिघं बोलत होते. पाप, वचन, जीव. आमचे साहेब पण म्हणाले, कायद्यात हिच्यासारखीला पोट पाडायची मुभा हाय. तेव्हा मुलगी उठली आन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला हळू म्हणाली, "मावशी, त्या मुकादमानं मला विचारलं न्हाई. बाबांनी पण विचारलं न्हाई. आता हितं सगळे बोलायलेत, आन कुणीच विचारंना."

माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार न्हाई. मालक गेले तेव्हा मला तिसरा महिना होता, चौथं लेकरू. दीर आन सासू मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. पोटुशीला पोलिसात कोण घेणार, तीन लेकरं उपाशी मरतील, म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. नोकरी लागली, तिन्ही लेकरं जगली, शिकली. पण दवाखान्यातून परत येताना कुणी मला विचारलं न्हाई, आन जातानाही विचारलं न्हवतं. ह्या पोरीला ठेव म्हणत होते, मला टाक म्हणाले होते. मला तर दोन्ही एकच वाटलं.

मी साहेबांना म्हणलं, "साहेब, हिला बाहेर घेऊन बसते."

साहेबांनी मान हलवली.

आमी दोघी मुद्देमालाच्या खोलीपुढच्या पायरीवर बसलो. मी तिला कायदा सांगितला, मला माहीत होता तेवढा. तू सज्ञान हायेस, ठेवायचं तरी आन न ठेवायचं तरी सही तुझ्या एकटीची, बापाची न्हाई, आईची न्हाई. ठेवलंस आन वाढवायचं नसलं तर लेकरू सरकारी संस्थेत देता येतं. सरकारी दवाखान्यात मी बरोबर येईन. ती म्हणाली, "मावशी, तुमी काय केलं असतं?"

मी म्हणलं, "मला माहीत न्हाई बाई. मला ठरवायला मिळालंच न्हाई."

तिनं पाळकसाहेबांना बोलवायला सांगितलं. ते आले आन उभेच राहिले. तिनं विचारलं, "मी न्हाई ठेवलं तर मला मंडळीतून काढाल का?"

ते म्हणाले, "मी ते पाप मानतो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण मी पाप मानतो म्हणून तुझा निर्णय माझा होत नाही. तू काहीही ठरव, मी तुझ्या घरी येईन, दार उघडशील तर आत बसेन. चर्चच्या कमिटीनं मला काढलं तर काढू दे."

"पाणी तरी प्या मंग," ती म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच हसली.

पाना खाणीच्या पाण्यातून निघाला, प्रेसवाल्यानंच जागा दाखवली, दोन साक्षीदारांसमोर. गॅरेजवाल्याला सोडला. त्यानं आमाला लई शिव्या घातल्या, फाटकाच्या बाहेर गेल्यावर. घालणारच. खटला चालला. प्रेसवाल्याला शिक्षा झाली, लांबची झाली, पण फाशी न्हाई. कोर्टात निकाल ऐकून तो खाली बसला. काही माणसांना जगायची शिक्षाच जड जाते.

त्याला कोर्टातून तुरुंगात नेताना गाडीत माझी ड्यूटी होती. बेडीचा हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "बाई, तिनं काय केलं शेवटी? मला घरचं कुणी सांगत न्हाई."

मी म्हणलं, "ती भेटायला येणार हाय तुमाला. ती सांगंल. तिनं सांगितलं की ऐकायचं, मधी बोलायचं न्हाई."

तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय." मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते, मला माहीत होतं. तरी सांगितलं न्हाई.

तुमाला पण सांगत न्हाई. एक सांगितलं तर निम्मे लोक तिला नावं ठेवतील, दुसरं सांगितलं तर बाकीचे निम्मे. ती आता चांगली हाय, कामाला जाते.

ह्या केसनं मला एवढंच शिकवलं, की माणसं जिवाबद्दल लई बोलतात, फाशीबद्दल बोलतात, पोटाबद्दल बोलतात, आन ज्याचा जीव हाय तो शेजारीच बसलेला असतो. देवाचं म्हणणं काय हाय ते मला कळत न्हाई, माझा धर्म पण वेगळा. ते तुमी तुमच्या देवळात, चर्चमध्ये ठरवा.

वाचणाऱ्याला हात जोडून एक विनंती हाय. तुमच्या घरात, गल्लीत कुणा पोरीवर अशी वेळ आली तर आधी तिच्याजवळ बसा. तिला विचारा, बाई तुला काय पाहिजे. आन तिचं बोलणं पुरं होईपातूर गप बसा.