गाडी बंद म्हणजे आराम नव्हे

लकडगंजमधल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ड्रायव्हरांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद वहीत व्हायची. ती कंप्युटरवर आणायचं काम मला मिळालं. नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं माझं ते पहिलंच काम. मी घरी बसून टेबलं आखली, फॉर्म बनवला. गाडी किती वाजता सुरू झाली, किती वाजता बंद झाली, एवढंच भरायचं. गाडी सुरू असेल तेवढं काम, बंद असेल तेवढा आराम. हिशेब इतका सरळ जमला की मी स्वतःवरच खूश होते.

महिन्याभरानं पहिला अहवाल निघाला. सगळ्यात जास्त आराम एका जुन्या ड्रायव्हरकाकांच्या नावावर निघाला. मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. मी तिथेच होते, कागद माझ्याच हातात होता.

बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनमंदी मी झोपूनच राहिलो म्हणते. उद्या भिवापूरले मिरची भराले चाललो. येता का संगं? पाहून घ्या माहा आराम."

मी गेले. सकाळी नऊच्या आधीच आम्ही बाजाराबाहेरच्या रांगेत लागलो. काकांनी इंजिन बंद केलं. म्हणजे माझ्या फॉर्मप्रमाणे त्यांचा आराम सुरू झाला. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढची गाडी सरकायची, की यांनी सरकवायची. मिरचीच्या खकाण्यानं माझे डोळे चुरचुरत होते, शिंका थांबत नव्हत्या. काकांनी मला ओला रुमाल दिला आणि स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"थोडं पडा ना काका," मी म्हटलं.

"पडलो अन् नंबर गेला तं? मागचा थांबते का?"

दुपारी तीन वाजता पोती चढू लागली. ती मोजायलाही काकाच उभे. तिथेच मी डायरी काढली आणि पाठकोऱ्या पानावर तिसरा रकाना आखला: 'थांबून काम'. त्याचे तास कामातच धरायचे. आराम वेगळा, आणि तो ड्रायव्हरनं स्वतः सांगायचा.

ड्रायव्हरांना विचारून महिन्याचे तास पुन्हा मांडले आणि नवा अहवाल घेऊन मी मालकांकडे गेले. चूक माझी होती, काकांची नाही, हे सांगितलं. मालकांनी कागद दोनदा वाचला. मग काकांना आत बोलावलं आणि म्हणाले, "माहं चुकलं गा. दोन दिवस घरी राहा. गाडी दुसरा नेईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. "ताई, दहा वाजेपर्यंत झोपलो. बायको म्हणते, काहून, तब्येत बरी नाही का?" आणि खूप वेळ हसत राहिले.

पहिल्या अहवालाच्या दिवशी त्यांनी माझ्यावर चिडायला हवं होतं. चिडले असते तर मी चार आकडे दाखवून स्वतःचंच खरं केलं असतं. त्याऐवजी त्यांनी मला शेजारच्या सीटवर बसवलं, डब्यातली अर्धी भाकर दिली. त्यानंतर मी पुष्कळ फॉर्म बनवले, पण काम शिकवलं कुणी, असं कोणी विचारलं की मी त्यांचंच नाव घेते.