आराखड्यातलं ताट

तामोरेबाई गेल्या हे कळवायला त्यांच्या कमळवहिनींचा फोन आला, तेव्हा मी बोईसरच्या बाजारात दुधी निवडत होतो. "बाय गेली आमची... सकाळी चा पिली, कप ठेवला नि मान टाकली. तुमी या," एवढंच त्या म्हणाल्या. मी दुधी परत ठेवला आणि तारापूरची रिक्षा धरली. वाटेत रडू आलं नाही. बाईंनी हेही काम रेंगाळू दिलं नाही, असंच मनात येत राहिलं. आता महिना उलटून गेल्यावर लिहायला बसलोय, तर मात्र दर चार ओळींनी थांबावं लागतंय.

डॉ. सुनंदा तामोरे प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक. तारापूरजवळच्या मच्छीमार वस्तीत जन्मल्या, लग्न केलं नाही, भाऊ-वहिनींच्या घरातच राहिल्या. निवृत्तीनंतर आमच्या विद्यापीठानं त्यांना आंतरराष्ट्रीयीकरणाचा, म्हणजे परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाणीचा आराखडा करायला बोलावलं. मी तिथला अधीक्षक. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आलेले, त्यामुळे जन्म बोईसरचा असूनही समुद्राशी माझं नातं तळलेल्या पापलेटापुरतंच. चार मोठ्या विद्यापीठांचे आराखडे समोर ठेवायचे आणि पाचवा करायचा, अशी माझी समजूत. तसा मी केलाही, चांगला जाडजूड आणि रंगीत. बाईंनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "जाधव, यावरचं नाव खोडलं तर हा कुणाचा ते कळेल का?" माझं तोंड एवढंसं झालं.

मग आम्ही कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. बाई प्रत्येक विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारत. बाहेरच्या माणसानं इथेच येऊन शिकावं असं तुमच्याकडे काय आहे, आणि आपल्या मुलांनी तिकडे जाऊनच शिकावं असं काय आहे? बरेच जण दुसऱ्या प्रश्नावर भरभरून बोलत आणि पहिल्यावर अडखळत. त्यातूनच मासे सुकवण्याचा आणि टिकवण्याचा विषय निघाला, आणि पोर्तुगालमधल्या एका किनारी गावातलं विद्यापीठ आमच्याशी करार करायला तयार झालं. बाईंनी मसुद्यात एक अट घातली. तिकडून जितके विद्यार्थी येतील, तितकेच इकडून जातील. कुलगुरूंचं म्हणणं, आधी ते येऊ देत, आपल्यांचं पुढे पाहू. आलेले परदेशी विद्यार्थी विद्यापीठाच्या मूल्यांकनात दिसतात, गेलेले कुठे दिसतात? तिकडच्यांनीही, आमच्याकडे राहण्या-जेवण्याची सोय अवघड आहे, असं गुळमुळीत उत्तर दिलं. बाई हसून म्हणाल्या, "मागच्या वेळी ही मंडळी आली तेव्हा किल्ले बांधून गेली. या वेळी जरा वाचून सही करू." पण हसण्यामागचा हट्ट पक्का होता. ती अट वगळली तर आराखड्यावर त्यांचं नाव राहणार नव्हतं. तीन वर्षांची मेहनत त्या एका ओळीवर अडली होती.

पोर्तुगालचे पाहुणे बाईंच्या गावाला भेट देणार होते, शेवटचा निर्णय त्या भेटीत व्हायचा होता. बाईंनी मला सांगितलं होतं, भेट अष्टमीच्या आसपास ठेवा. मला वाटलं, बाईंचं काहीतरी देवाधर्माचं असेल. अष्टमीला कुलगुरू मोकळे नव्हते, म्हणून मी तारीख सरळ पौर्णिमेवर नेली. दिवसही शुभ! बाईंना सांगितलं ते पाहुण्यांची तिकिटं निघाल्यावर. त्या डोक्याला हात लावून बसल्या. पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, जाळी भरतात, तेव्हा त्यांच्या गावच्या होड्या समुद्रात असतात. अष्टमीच्या भांगाला पाणी मंदावतं, तेव्हा त्या किनाऱ्यावर असतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी त्याच किनाऱ्यापासून काही मैलांवर वाढलेला. "ज्यांना भेटायला माणसं येतायत, त्यांनाच तुम्ही समुद्रात पाठवलंत," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाहुणे आले तेव्हा गावात सगळ्या बायकाच होत्या, आणि त्याही बोंबील वाळत घालण्यात बुडालेल्या. सत्काराला कुणाला वेळ नव्हता. पाहुण्यांच्या प्रमुख तेरेझाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बाह्या सारून कमळवहिनींच्या शेजारी कामाला लागल्या. कुलगुरू रुमालानं नाक झाकून लांब उभे. हात चालू असतानाच तेरेझाबाईंनी विचारलं, आमच्याकडून तुम्हाला काय हवंय? बाईंनी ते मराठीत सांगितल्यावर वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "तुमची पोरा इथं येतील, त्यांना आमी जेवाला घालू. पन आमची पोर तिथं आली, तं तिला कोन जेवाला घालल?"

बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तेरेझाबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "पहिली मुलगी माझ्या घरी जेवेल." अट राहिली, आणि तिच्याखाली आणखी एक ओळ आली: प्रत्येक विद्यार्थ्याला जेवायला एक घर. कुलगुरूंनी मुकाट्यानं सही केली. परतताना बाई मला म्हणाल्या, "पुरुष घरी असते तर वहिनी चहा देऊन आत गेली असती. तुमची चूक मी माफ करत नाही जाधव, पण दिवस चांगला गेला." मी ते कौतुकच समजलो.

सफाळ्याजवळच्या भातशेतीच्या घरातली मनीषा पोर्तुगालला पहिली गेली. तिला निरोप द्यायला बाई विमानतळावर आल्या होत्या. त्यानंतर दोन महिन्यांनी बाईच गेल्या. मनीषाला कळवायची हिंमत गोळा करता करता मला संध्याकाळ झाली. ती रडली, मग म्हणाली, "सर, मी एकटी नाय हाय. तेरेझाबाई समोरच बसल्यात. जेवल्याशिवाय उठू देत नायत." फोन ठेवून मीही जेवलो. तोवर सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिकडची पहिली विद्यार्थिनी यायची होती. तिचं जेवायचं घर बाईंचंच ठरलं होतं, पण बाईंशिवाय त्या घरावर भार नको, म्हणून मी तिची सोय वसतिगृहात केली. वहिनींना कुठून कळलं कोण जाणे, त्या थेट कार्यालयात आल्या. खुर्चीवर बसल्याही नाहीत.

"बायची खोली सारवून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "पोर भात खाते का, तेवढं इचारून सांगा."