पुकारेवाल्याचा चाबूक

कोर्टाच्या तिन्ही मजल्यांवर असा एकही वकील नव्हता, ज्याला पुकारेवाल्याचा आवाज ठाऊक नव्हता. सव्वीस वर्षं तो चार नंबरच्या कोर्टाच्या दारात उभा राहून पक्षकारांची नावं पुकारत आला होता. त्याने नाव घेतलं की खाली फाटकाजवळ चहा पिणारा माणूस अर्धा कप तसाच टाकून जिन्याकडे धावे. सगळे त्याला भोंगा म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पुकाऱ्याचा नियम सोपा होता. नाव तीनदा घ्यायचं, दर वेळी आवाज थोडा चढवायचा, आणि तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही तर आत वळून ‘गैरहजर’ म्हणायचं. पुढचं न्यायाधीश बघून घेत.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधीच होती, पण ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने बायकोला हाक मारली तेव्हा तोंडातून नुसती हवा आली. पुढे महिन्याभरात ती हवा जरा घट्ट झाली, शब्द कळण्याइतपत. कागदावर कागद घासावा तसा आवाज. कोर्टाने त्याच्या जागी भिंतीवर स्पीकर बसवला आणि त्याला तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं, जुन्या फायलींना दोऱ्या बांधायला.

‘भोंगा कुठे असतो हल्ली?’ असं कोणी विचारलं की रेकॉर्डचा क्लार्क म्हणे, ‘इथेच आहे. सायलेंटवर टाकलाय.’ त्या हसण्यात पुकारेवालाही सामील होई. फक्त त्याच्या हसण्याचाही आता आवाज येत नसे.

घरी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको ओट्याशी पाठमोरी असायची. तो दारात उभा राहून म्हणायचा, “अगं, नळ गळतोय.” थांबायचा. पुन्हा म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हणायचा. मग बाहेर जाऊन खुर्चीत बसायचा. थोड्या वेळाने ती बाहेर येई आणि त्याला तसं मुकाट बसलेलं पाहून तिचाही चेहरा मिटे.

सुरुवातीला त्याला वाटलं, दोष आपल्या गळ्याचाच. पण क्लार्कला त्याचं बोलणं कपाटांच्या दोन रांगांपलीकडून कळे. वाण्याला कळे. बसच्या कंडक्टरला कळे. एक दिवस बायकोने टीव्ही किती मोठ्याने लावलाय हे त्याच्या लक्षात आलं. मग बायको बहिणीशी बोलताना फोन स्पीकरवर टाकते हे लक्षात आलं. दाराची बेल वाजली तरी ती उठत नाही, हेही. तिच्या कानांचं बऱ्याच वर्षांपासून बिनसलं असणार. भोंग्याच्या घरात ते कोणाच्या ध्यानात येणार?

त्याने एकदा म्हणून पाहिलं, “तुझे कान दाखवून येऊ या.” तेही तिला ऐकू गेलं नाही. किराण्याची यादी तो तिला कागदावर लिहून देई, पण हे वाक्य काही त्याच्याने लिहवेना. कारण त्याच आठवड्यात ती बहिणीला फोनवर सांगत होती, “आवाज गेला तसा माणूसच गेला बघ. एक शब्द बोलत नाहीत माझ्याशी. ऑपरेशनला मीच तयार केलं ना, त्याचाच राग असणार.” तो तिथेच समोर बसून पेपर वाचत होता. आता तिला कागदावर काय लिहून देणार? की मी बोलतोय, तुलाच ऐकू येत नाही? सव्वीस वर्षं त्याने माणसांना पिंजऱ्यात उभं राहताना पाहिलं होतं. बायकोला तिथे उभं करायचं त्याच्या जिवावर आलं.

डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं. तो पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येई. टाकीमागे मोकळं मैदान होतं, तिथे पूर्वी विटा वाळत घालत. एका सकाळी टाकीपलीकडून आवाज आला आणि त्याला वाटलं, कोणाचा तरी टायर फुटला. मग पुन्हा आला. कोरडा, स्वच्छ, हवेला मधोमध चिरून जाणारा. सव्वीस वर्षं आवाजावर पोट भरलेला माणूस तो. पाय आपोआप तिकडे वळले.

मैदानात पस्तिशीची एक बाई उभी होती. डोक्यावर रुंद टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर प्लास्टिकचा पारदर्शक चष्मा, आणि हातात चाबूक. तिने तो मागे सरळ सोडला, हात वर नेला, पुढे टाकला, आणि हवेत पुन्हा तो आवाज झाला. समोर ना घोडा, ना बैल, ना माणूस.

“हे कशासाठी?” त्याने विचारलं. इतक्या लांबून तिला कळणार नाही हे माहीत असूनही.

“आवडतं म्हणून,” ती म्हणाली. “लोक गळ टाकून दिवसभर मासे धरत बसतात, त्यांना नाही कोणी विचारत.”

तिला पहिल्याच फटक्यात कळलं, याचंच त्याला नवल वाटलं. ‘काय?’ नाही, ‘जरा मोठ्याने’ नाही. ती दातांच्या दवाखान्यात नर्स होती.

“दिवसभर तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी बोलते मी, काका,” ती म्हणाली. “त्या मानानं तुमचं म्हणजे बातम्या सांगितल्यासारखं आहे.”

चौथ्या दिवशी त्याने स्वतःच हात पुढे केला.

तिने आधी त्याला चष्मा दिला. “हा पहिला. डोळा गेला तर आमचे डॉक्टर काही करू शकत नाहीत, दात गेला तर बघता येईल.” मग टोपी, कान झाकणारी. मग चारी बाजूंना दहा-दहा पावलं चालून जागा मोकळी आहे का ते बघायला लावलं. तिचा चाबूक चामड्याचा नव्हता. नायलॉनच्या दोरीची वेणी घालून तिने तो स्वतः विणला होता. मुठीकडे जाड, पुढे निमुळता, आणि अगदी टोकाला बोटभर दोरा, सुट्या धाग्यांचा. तो दोरा झिजतो, महिन्याला दोन-तीन लागतात, असं ती म्हणाली.

“आवाज कशाचा होतो माहिताय? कशावर आपटून नाही होत. हात थांबतो, पण चाबकात पडलेला वळसा पुढे पळत राहतो. टोकापर्यंत जाताजाता त्याचा वेग इतका वाढतो की आवाजालाही मागे टाकतो. तेव्हा हवाच फुटते. ताकदीचा संबंध नाही.”

शेवटचं वाक्य पुकारेवाल्याने ऐकलं, पण त्याच्या शरीराने ऐकलं नाही. तो पाय फाकवून उभा राहिला, छातीत श्वास भरला, पोट आवळलं, आणि सगळं अंग पुढे झोकून चाबूक हाणला. काही झालं नाही. लगेच दुसरा हाणला, अधिक जोरात. लगेच तिसरा, त्याहून जोरात. तिसऱ्याला चाबूक उलटा फिरून त्याच्याच पोटरीला गुंडाळला.

पुढचे आठ-दहा दिवस हेच. पोटरी, पाठ, एकदा मान. एकदा टोपी सरकली आणि कानाची पाळी फाटली. नर्सने तिथेच कापूस लावून पट्टी चिकटवली. “चांगलं झालं, मला सवय आहे. फक्त तोंड उघडा म्हणायचं राहिलं.” मग तिने त्याच्याकडे बघत विचारलं, “काका, एक सांगा. तुम्ही तीन तीन का मारता? आणि दर वेळी चढत्या? कोणाला बोलावताय का?”

त्याला स्वतःला ते कळलंच नव्हतं. त्याने तिला पुकाऱ्याचा नियम सांगितला. ती आधी हसली. मग हसू आवरून म्हणाली, “इथे दुसरी हाक नसते हो. एकच. ती सोडली की चाबूक मागे सरळ जमिनीवर पडेपर्यंत थांबायचं. तो लोळत असताना पुढची मारलीत तर तो तुमच्याच अंगावर येणार. घाई कसली? समोर कोण गैरहजर राहणार आहे?”

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, बल्ब गेल्याचं तीनदा म्हणाला आणि सवयीने वळला. वळता वळता थबकला. गेले पाच महिने आपण घरातही हेच करतोय, त्याच्या मनात आलं. तीन हाका, आणि बायको गैरहजर.

बायकोने त्याच्या कानावरची पट्टी पाहिली. “हे काय झालं?”

“लागलं.”

“काय?”

“लागलं.”

“नका सांगू,” ती म्हणाली. “रोज सकाळी कुठे जाता, चपला कशाने माखतात, तेही नका सांगू. मला काय, मी आपली भिंतींशी बोलते.” आणि तिने त्याच्यासमोर चहाचा कप जरा जास्तच जोरात ठेवला. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावून ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी वारा पडला होता. नर्स म्हणाली, “आज जोर लावायचा नाही. भिंतीवरची माशी उडवायची आहे, मारायची नाही, एवढाच हात.” पुकारेवाल्याने चाबूक मागे सोडला आणि तो पूर्ण निपचित पडेपर्यंत थांबला. श्वास भरला नाही. होता तेवढ्याच श्वासावर हात वर नेला, खांद्याच्या पुढे आणून थांबवला. वळसा त्याच्या हातातून निघाल्याचं त्याला जाणवलं. एखादी गोष्ट आपल्याकडून सुटून तिच्या वाटेने जाते, तसं. आणि पुढे, चार हातांवर, वाळलेली काडी मोडावी एवढा आवाज झाला.

लहानसाच आवाज होता. पण तो त्याचा होता. नर्सने टाळ्या वाजवल्या. टाकीच्या कडेवरची तीन-चार कबुतरं उडाली. पुकारेवाला हातातल्या मुठीकडे बघत राहिला, आणि मान वर केली तेव्हा टाकीच्या भिंतीपाशी, पन्नास-साठ पावलांवर, त्याची बायको उभी होती.

ती त्याच्या मागोमाग आली होती. हातात रिकामी पिशवी होती, कोणी विचारलं तर भाजीला निघाले म्हणायला. ती सावकाश चालत आली. आधी चाबकाकडे पाहिलं, मग नर्सच्या टोपीकडे, मग नवऱ्याकडे. रागावण्याची तयारी करून आलेली बाई, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हिशेब चुकल्यासारखं दिसत होतं.

“ही टाळ्या कशाला वाजवत होती?”

“वाजला म्हणून,” तो म्हणाला, आणि आधी चाबकाकडे, मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

“वाजला? आत्ता?”

त्याने होकारार्थी मान हलवली. नाही म्हणता आलं असतं. जेमतेमच वाजला, असंही म्हणता आलं असतं. त्याच्या ते मनात येऊन गेलं, आणि त्याने ते जाऊ दिलं.

“कबुतरं उडाली,” ती म्हणाली. “मी ती बघितली. म्हटलं, उडाली कशाने?” तिने टाकीच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. “पुन्हा वाजवा.”

तिला दहा पावलं मागे उभं करून त्याने चाबूक मागे सोडला, निपचित पडू दिला, आणि टाकला. या वेळी पहिल्यापेक्षा बरा वाजला. त्याने वळून पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती.

“आला,” ती म्हणाली. “बाजूच्या घरात कोणी कडी लावावी, तेवढा.” मग नर्सला विचारलं, “तेवढाच होता का गं?”

नर्सने पुकारेवाल्याकडे पाहिलं. त्याने नजर हटवली नाही. “नाही काकू,” ती म्हणाली. “बराच मोठा होता.” आणि लांब जाऊन स्वतःची पिशवी भरायला लागली, तिथे भरायला फारसं काही नसताना.

बायकोने पिशवीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “म्हणजे तुम्ही घरी बोलत होतात.”

“रोज,” तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती, इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं तशी. शब्द तिला कळला.

“मग सांगितलं का नाहीत? लिहून द्यायचंत. साबण संपला ते बरं लिहून देत होतात.”

तो तिच्याजवळ गेला, अगदी कानाशी. “तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे आवाज गेला आणि वर आता दोषही माझ्याच कानांचा.”

“म्हणाले असते,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने नाही, भाजीच्या पिशवीने पुसले. “मी बहिणीला काय काय सांगितलं तुमच्याबद्दल. तुम्ही समोर बसलेले असायचात.”

“ऐकलं मी सगळं. स्पीकरवर असतेस.”

ती हसली. हसताना तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तो हात तिथून काढला नाही.

परतताना ती त्याच्या डाव्या बाजूने चालत होती. फाटकापर्यंत गेल्यावर थांबली, वळसा घालून उजवीकडे आली, थोडं चालून बघितलं. “या बाजूने बरं येतंय,” ती म्हणाली. “उद्या अर्धी रजा टाका, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तुम्हीही चला, तो काय म्हणतो ते मला पुन्हा कोण सांगणार?” मग आणखी चार पावलांवर: “आणि पाच महिने काय काय बोललात ते सांगा आता. पहिल्यापासून.”

पुकारेवाल्याने आठवून पाहिलं. एवढ्या दिवसांत आपण पुष्कळ काही बोललो असं त्याला वाटत होतं.

“बरंचसं नळाबद्दल होतं,” तो म्हणाला.

“चालेल,” ती म्हणाली, आणि तिने कान त्याच्याकडे झुकवला.