बाईची प्रोस्टेट

“वाय नाही म्हणजे काय?” डॉ. नंबियारांनी विचारलं. त्यांनी रिपोर्ट उलटा करून पाहिला. मागे काही छापलेलं नव्हतं.

“पेशींमध्ये वाय क्रोमोसोम नाही, सर. फक्त एक्स आहे.”

“पण ही प्रोस्टेट आहे.”

“हो सर.”

“प्रोस्टेट पुरुषांनाच असते.”

“हो सर. तोच प्रॉब्लेम आहे.”

सोमवार होता. शुक्रवारी पुण्याहून क्लायंट येणार होते. त्यांना आम्ही बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या लॅबमध्ये एका पुरुषाच्या प्रोस्टेटच्या मूळपेशी दाखवणार होतो. आणि हा रिपोर्ट सांगत होता की तो पुरुष बाई आहे.

थोडं समजावून सांगते. प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यातल्या पेशी झिजतात, मरतात, नव्या येतात. हे भरून काढण्याचं काम मूळपेशी करतात. त्या थोड्या असतात आणि बहुतेक वेळ गप्प असतात. प्राण्यांमध्ये पुरुषी हार्मोन बंद केलं की ही ग्रंथी आक्रसते आणि परत दिलं की पुन्हा भरते. म्हणजे आक्रसलेल्या ग्रंथीतही पुन्हा बांधकाम करू शकणारं कुणीतरी जिवंत राहतं. उतारवयात प्रोस्टेट सुजते, कधी कॅन्सर होतो, कधी हार्मोन बंद करूनही तो परत येतो. यात अशा चिवट पेशींचा हात किती, हे लोक शोधताहेत. क्लायंटचं औषध त्यांच्यावरच काम करणारं होतं.

आम्ही ऑपरेशनमध्ये काढलेले प्रोस्टेटचे तुकडे घेतो, त्यातल्या पेशी जेलीसारख्या थेंबात वाढवतो. नीट वाढल्या तर त्यांचे बारीक पोकळ गोळे होतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. मोहरीपेक्षा लहान, पण आतली रचना बरीचशी खऱ्या ग्रंथीसारखी.

नियमाने दात्याचं नाव आम्हाला कळत नाही. डबीवर फक्त नंबर येतो. पण हा दाता ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी स्वतःच आमच्या गेटवर आला, कन्सेंट फॉर्मची झेरॉक्स घेऊन. विठ्ठलराव शिंदे, वय चौऱ्याहत्तर, बसवनगुडीतल्या शाळेतले निवृत्त गणिताचे सर. तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी घर. मी निपाणीची आहे हे कळल्यावर ते मला अक्का म्हणू लागले, जरी माझं वय त्यांच्या मुलीएवढं होतं. दर शनिवारी फोन यायचा. “कशी आहे आमची मंडळी?”

मंडळी उत्तम होती. पहिले दोन आठवडे कुंथत वाढली, मग एकदम भरभरून. हीच गोष्ट मला खटकायला हवी होती. मी खूश झाले.

पुढे मी नेहमीची परीक्षा घेतली. मीडियममधून, म्हणजे पेशींच्या खाण्यापिण्याच्या पाण्यातून, पुरुषी हार्मोन काढून टाकलं. पेशींनी मंदावायला हवं होतं. त्यांना पत्ताच लागला नाही. गोळेही पोकळ न राहता भरीव झाले होते.

डॉ. नंबियार आमचे डायरेक्टर. हुशार माणूस, पण चांगली बातमी एकदा हातात आली की परत द्यायला तयार नसतात. ते म्हणाले, “हार्मोनशिवाय जगणाऱ्या मूळपेशी! ज्या सगळे शोधताहेत, त्या आपल्याला मिळाल्या.” त्यांनी क्लायंटला मेल केला. क्लायंटने औषधाचा नमुना पाठवला. गोळे औषधाने मस्त आक्रसले. त्याचा ग्राफ निघाला. ग्राफ निघाल्यावर मी ओळख-तपासणी पाठवली. ती सुरुवातीलाच पाठवायची असते. तर हा तिचा रिपोर्ट.

“म्हातारपणी वाय गळतो,” डॉ. नंबियार म्हणाले. “मी वाचलंय.”

“काही पेशींतून गळतो, सर. सगळ्या पेशींतून नाही. आणि वाय गळला तरी बाकीचं सगळं शिंदेसरांचंच असायला हवं. त्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून आणते. जुळवून बघू.”

“आणि जुळलं नाही तर?”

“तर आपण पाच महिने एका बाईची प्रोस्टेट वाढवतोय.”

 त्यांनी एथिक्स कमिटीला फोन लावला.

मंगळवारी सकाळी परवानगी घेऊन मी बसवनगुडीला गेले. शिंदेसरांनी दार उघडलं तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. सुशीलाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कॉफी ठेवली.

“माझ्याच पेशी माझ्याच आहेत का, हे बघायला माझी थुंकी?” सर म्हणाले.

“तसंच काहीसं, सर.”

“आता तिथेही ओळखपत्र लागतं का?” पण तोंड उघडून बसले. काडी नळीत टाकून झाल्यावर म्हणाले, “अक्का, खरं सांगा. त्या मेल्या का?”

मी म्हटलं, अजून माहीत नाही. ते म्हणाले, “माझा थोरला भाऊ याच्याच कॅन्सरने गेला. मी म्हटलं, माझी नुसती सूज आहे, काढलेलं फेकण्यापेक्षा कुणाच्या तरी कामाला येऊ दे. पार्कात रोज सांगतो सगळ्यांना.”

“सगळ्यांना,” सुशीलाक्का म्हणाल्या. “भाजीवालीला पण.”

गुरुवारी रिपोर्ट आला. प्लेटमधल्या पेशी शिंदेसरांच्या नव्हत्याच. त्या होत्या शेजारच्या इन्क्युबेटरमधल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या. कितीतरी वर्षांपूर्वी एका बाईच्या शरीरातून आलेल्या आणि जगभरच्या लॅबमध्ये वाढणाऱ्या. वाढायला इतक्या दांडग्या की दोनचार पेशी कुठे शिरल्या तरी मूळ रहिवाशांना संपवून जागा बळकावतात. त्यांना पुरुषी हार्मोनशी देणंघेणं नव्हतं. म्हणून तर त्या परीक्षेत पहिल्या आल्या.

आता शिरल्या कशा? मी लॅबची वही उघडली. मार्चमधल्या एका दिवशी दोन्ही पेशींची कामं एकामागोमाग झाली होती, एकाच मीडियमच्या बाटलीतून. कॅन्सरच्या पेशींना वापरलेला पिपेट, म्हणजे द्रव ओढायची नळी, परत बाटलीत बुडाला असणार. नोंदीखाली सही होती. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही, कारण ते माझं होतं. सतरा वर्षं मी नव्या लोकांना हेच शिकवते, की दोन पेशींना एक बाटली नाही.

मी वही घेऊन केबिनमध्ये गेले.

“कुणी केलं?” डॉ. नंबियारांनी विचारलं.

“मी.”

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. ओरडायची तयारी केली होती, ती तशीच राहिली. “उद्या क्लायंटला काय दाखवायचं?”

“हेच.”

“आपण असं म्हणू शकतो का, की हे एकंदर मूळपेशींचं मॉडेल आहे? प्रोस्टेट हा शब्द न वापरता?”

“प्रोजेक्टचं नावच प्रोस्टेट आहे, सर.”

शुक्रवारी डॉ. गोखले आल्या. पुण्याच्या, चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी वही दोनदा वाचली.

“म्हणजे आमचं औषध ज्याच्यावर चाललं, ते प्रोस्टेट नव्हतं.”

“नाही.”

“मागच्या महिन्यात मी तो ग्राफ बोर्डाला दाखवलाय. टाळ्या पडल्या होत्या.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “सोमवारी जाऊन परत घेते. तुमच्याकडे मार्चच्या आधीचं काही आहे?”

होतं. फेब्रुवारीत गोठवलेली एक कुपी, द्रव नायट्रोजनच्या टाकीत. एकच. डॉ. गोखल्यांनी तीन महिने मुदत दिली. डॉ. नंबियारांनी माझ्याकडून सगळे प्रोटोकॉल, म्हणजे कामाचे नियम, नव्याने लिहून घेतले, आणि मला पुढचं वर्षभर प्रमोशनच्या यादीतून वगळलं. 

शनिवारी फोन आला नाही, तेव्हा मीच लावला. सरांना जे झालं ते, कुणामुळे झालं त्यासकट सांगितलं.  त्यांनी ते सुशीलाक्कांना कन्नडमध्ये सांगितल्याचं ऐकू आलं, आणि मग सुशीलाक्का हसत सुटल्या. हसू थांबेना. सर फोनवर म्हणाले, “सरी, ठीक आहे अक्का. पार्कात काय सांगू तेवढं सुचवा.”

कुपी वितळवली. बहुतेक पेशी मेलेल्या निघाल्या. उरलेल्या आठवडाभर नुसत्या बसून होत्या. तिसऱ्या आठवड्यात पहिला पोकळ गोळा दिसला. ओळख-तपासणी त्याच दिवशी पाठवली: वाय हजर, शिंदेसर हजर. हार्मोन काढलं, गोळे मंदावले, लहान झाले. परत दिलं, सावकाश भरले. डॉ. नंबियार मायक्रोस्कोपमधून बघून म्हणाले, “हे तर पुस्तकात आहे तसंच आहे.” त्यांचा आवाज पडला होता. क्लायंटचं औषध यांच्यावर जेमतेम चाललं, पण चाललं. डॉ. गोखल्यांनी काम पुढे चालू ठेवलं.

शिंदेसरांना आम्ही रीतसर परवानगीने बोलावलं. पांढरा कोट घालून ते मायक्रोस्कोपवर वाकले, चष्मा काढून, मग परत लावून.

“एवढेच?”

“एवढेच, सर.”

“बाईचे जास्त होते?”

“बरेच.”

ते पुन्हा वाकून बघत राहिले. “असू दे. हे आमचे आहेत,” म्हणाले.

काम अडलं की आपण कारण शोधतोच, कुणी सांगावं लागत नाही. काम सुरेख चाललेलं असतं, तेव्हा तपासणीचा फॉर्म भरायला हात उचलत नाही. माझ्या टेबलावर आता असे बारा फॉर्म कोरे, तारखेसकट ठेवलेले असतात. दर महिन्याला एक. सगळं नीट चाललेलं असो वा नसो.