सूर्यफुलासारखे

सुलभा निमगावकर मॅडम गेल्याची बातमी कार्यालयात चार ओळींत आली. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, रानबियांच्या तेलांच्या अभ्यासक. उपसंपादकाने पाचवी ओळ जोडली होती : ‘विद्यार्थ्यांना त्या आईसारख्या होत्या.’ मी तिथे थांबलो... ‘सारखे’ हा शब्द मी मॅडमकडून शिकलो होतो.

तेव्हा मी नवा वार्ताहर होतो. सुट्टीच्या दिवशी मॅडम एसटीने गंगापूरकडे जात आणि बांधावरचे, नदीकाठचे, कुणी विचारत नाही असे बी पिशवीत भरून आणत. ते दळायचे, तेल काढायचे आणि त्यात कोणते आम्ल किती आहे, ते मोजायचे. कडू इंद्रावण म्हणजे चेंडूएवढ्या फळांचा रानवेल. त्याच्या बियांबद्दल त्या म्हणाल्या, “तेलातली आम्लं सूर्यफुलासारखी आहेत.” मी मथळा दिला : ‘गोदाकाठच्या वेलीत सूर्यफुलासारखे खाद्यतेल’.

बातमी छापून आली त्या सकाळी मॅडम औरंगपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात हजर.

“आम्लं सारखी म्हणाले मी. तेल सारखं नाही. फळ विषारी आहे, तेलात त्यातलं काय उतरतं ते मी अजून तपासलेलं नाही. कुणी भजी तळली तर?”

“उद्या दुरुस्ती छापतो, मॅडम.”

“उद्यापर्यंत गाव उपाशी बसणार आहे का? चला.”

ज्या गावातून बी आणले होते, तिथे आम्ही दुपारी पोचलो. पहिल्याच अंगणात सुपात इंद्रावणाचे बी वाळत होते. सकाळी बातमी वाचून सुनेने फळे फोडली होती. ओट्यावरून सासू म्हणाली, “जनावर तोंड लावत नाय त्या येलाला. पेपरवाल्यानं सोता खाऊन बघितलं व्हय?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “चूक माझी, मावशी. मी नीट सांगितलं नाही.”

त्या दारोदार तेच सांगत गेल्या. चौथ्या दारात मी पुढे झालो आणि म्हणालो, “चूक माझी.” परतताना एसटीत त्या एवढेच बोलल्या, “आता दुरुस्ती नीट लिहाल.”

पुढे त्यांनी मला त्याच तेलाची एक लहान बाटली दिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. तेल काळवंडले, पण चिठ्ठीवरचे अक्षर स्वच्छ आहे : ‘कडू इंद्रावण. आम्ले : सूर्यफुलासारखी. खाण्यायोग्य : तपासलेले नाही.’ जे माहीत नाही, तेही त्या तितक्याच काळजीने लिहीत.

निधनाची बातमी चार ओळींचीच गेली. पाचवी मी काढली.

“का सर, खोटं आहे का?” उपसंपादकाने विचारले.

“तपासलेलं नाही,” मी म्हणालो.