ओलुफ्फाचा श्वास आणि एकशेऐंशी कडवी

ओलुफ्फाला गावात मान होता तो दोन गोष्टींसाठी. आठ वर्षांपूर्वी तिने स्तनाचा कॅन्सर परतवून लावला होता, आणि बुडालेल्या नावेचं एकशेऐंशी कडव्यांचं गाणं, वडिलांकडून आलेलं, आता एकट्या तिलाच तोंडपाठ होतं. पण ज्या औषधांनी कॅन्सर मारला त्यांनीच तिचं हृदय दुबळं करून ठेवलंय, हे गावाला ठाऊक नव्हतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिला कळून वर्ष झालं होतं, पण नवरा डान्याल सोडून तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभ्याने काढलेली बाई ती. लोक आपल्याकडे बघून हळहळतील, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आठवड्यातून दोनदा ती बोगद्यापलीकडच्या मोठ्या गावी जायची. दातांचं काम चाललंय, असं सांगायची. चार महिने चालणारं हे कसलं दातांचं काम, असं कुणी विचारलं नाही, हा गावाचा चांगुलपणा. तिथल्या दवाखान्यात तिच्यासारख्याच पाचजणांना रानवा व्यायाम शिकवायची. सगळे कॅन्सरमधून उठलेले आणि हृदयाने थकलेले. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जागच्या जागी सायकल मारायची, हलकी वजनं उचलायची. रानवा ओलुफ्फाच्या मैत्रिणीची मुलगी, आणि जिभेला धार.

"मावशी, व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. शब्द अडला की थांबायचं. एरवी तुझा अडत नाही म्हणा."

खाण्याचे नियमही तिचेच. ताटात मासा, बटाटे, भाजी असू दे, भरपूर असू दे, पण खारवलेलं काही नको. दिवसाला पाणी दीड लिटर. रोज सकाळी उठल्या उठल्या वजन करायचं, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन. "वाढतं ते मांस नसतं, पाणी असतं," रानवा म्हणायची, "आणि ते फुफ्फुसात जातं."

ओलुफ्फाने सगळं पाळलं. आधी चर्चची चढण तिला चार वेळा थांबवायची, आता एकदाच. मग लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होण्याआधीचा रविवार जवळ आला. त्या दिवशी गावाच्या सभागृहात फेर धरतात, आणि यंदा तिचं गाणं व्हायचं होतं.

गुरुवारी धाकटा भाऊ हेरी खारवलेल्या मटणाचा डबा घेऊन आला. "पार वाळलीस तू. हे खा, तेव्हा कुठे आवाज फुटेल." नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिने खाल्लं. शुक्रवारीही खाल्लं, आणि खरं सांगायचं तर शनिवारी कुणी आग्रह न करताच खाल्लं. जिभेचे चोचले कुणाला चुकलेत?

रविवारी सकाळी काटा दोन किलो शंभर ग्रॅम वर गेला. बूट घालताना पाय आत जाईनात.

"फोन कर," डान्याल म्हणाला.

"उद्या करते."

"नियम आजचा आहे."

"आज केला तर रानवा नाचू देणार नाही."

"मग कळतंय ना तुला?"

"आणि तू कुणाजवळ एक शब्द काढलास तर बघ."

डान्याल गप्प बसला. या गप्प बसण्याचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला.

चार वाजता फेर सुरू झाला. हातात हात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, वाद्य नाही. कडवं ओलुफ्फाने म्हणायचं, पालुपद सगळ्यांनी. चाळिसाव्या कडव्यापर्यंत बरं चाललं. साठाव्याला ती पालुपदात नुसते ओठ हलवू लागली, तेवढाच श्वास वाचायचा. पंच्याहत्तराव्याला छातीत काहीतरी भरत चालल्यासारखं वाटलं आणि ती घाबरली. डावीकडच्या शहात्तर वर्षांच्या बिल्लाने पालुपदाच्या आड विचारलं, "शेवटचे शब्द गिळतेस का गं?"

"घसा," ती म्हणाली. तेवढा एक शब्दही जड गेला.

उजवीकडे डान्याल गातच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. तिचा हात गार पडला होता.

ब्याण्णवाव्या कडव्यात उलट्या झालेल्या नावेला तिघेजण धरून असतात. पहिली ओळ आली. दुसरी डोक्यात स्वच्छ होती, पण ती बाहेर काढायला हवाच नव्हती.

एकदा उचललेलं गाणं मध्ये टाकत नाहीत. सगळे वाट बघत होते. पावलं चालूच होती, लाकडी जमीन धडधडत होती. पलीकडून कुणीतरी मायेने म्हणालं, "विसरली बिचारी. वय झालं."

सुटकेची वाट आयती समोर आली होती. नुसती मान डोलावली असती तरी झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. पण ते गाणं ती विसरली म्हणणं म्हणजे बापाला विसरली म्हणणं होतं.

"विसरले नाही," ती थांबत थांबत म्हणाली. "श्वास नाही. हृदय... दुबळं झालंय. वर्ष झालं."

हेरीचा चेहरा पडला. "आणि मी तुला ते मटण चारलं?"

"तू दिलंस. खाल्लं मी."

बिल्लाने तिला बाकाकडे ओढलं. "मग बस इथे आणि शब्द तेवढे सांग. गायला आम्ही आहोत की."

ओलुफ्फाला त्या क्षणी बसायचं होतं. इतकं तिला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी कडवी उरली होती, आणि ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. डान्याल तिचा कोट घेऊन उभा होता. या वेळी तो गप्प बसला नाही. "इथे बसलीस तर गाणं तुझ्याबरोबरच बुडेल, ओलुफ्फा. आत्ता चल."

तिने कोटात हात घातला. दारापर्यंत दहा पावलं असतील, दोनदा भिंत धरावी लागली. मागे फेर चालूच होता. शब्दांवाचून नुसते पाय, तिच्यासाठी खोळंबलेले आणि तरी न थांबलेले.

"त्यांना थांबायला सांग," ती डान्यालला म्हणाली.

"माझं नाही ऐकणार. गाणं तुझं आहे."

ती वळली. या सभागृहात कधी कुणी उच्चारले नव्हते ते शब्द तिने उच्चारले. "थांबा आता. उरलेलं... राहू दे."

पाय एकेक करून थांबले. गाडीत बसल्यावर तिने रानवाला फोन लावला आणि काट्यावरचा खरा आकडा सांगितला.