माझ्या डोक्यावरची शपथ

"हात ठेव पोरीच्या डोक्यावर. नीट ठेव. आणि बोल!"

साहेब माइकवरून ओरडले. सुलतान बाजारातल्या एका सभागृहात दारूमुक्तीचं शिबिर होतं. स्टेजवर माझा बाप आणि त्याच्यापुढे नऊ वर्षांची मी. साहेब वकील, हैदराबादच्या जुन्या मराठी घराण्यातले. आमच्याच भाषेत बोलायचे, म्हणून जास्त लागायचं. त्यांच्यासारखी माणसं खुर्च्यांवर होती. आमच्यासारखी सतरंजीवर.

बाप हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या जिवाची घेतो शपथ. पोरीवर नक्को."

"तुझ्या जिवाची किंमत काय रे?" साहेब म्हणाले. मग खुर्च्यांकडे वळून, "या लोकांना भीतीच लागते."

खुर्च्या हसल्या. बापाचा हात माझ्या डोक्यावर आला. "पुन्हा प्यायलो तर ही पोरगी मरेल," हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. टाळ्या पडल्या. मला एक केळं दिलं. ते मी खाल्लं. त्याची आजही लाज वाटते.

बाप रेडिओच्या कारखान्यात होता. परदेशी कंपन्यांचा माल आला आणि कारखान्याला टाळं लागलं. मग गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर हमाली, आणि हमालीनंतर गुडुंबा. हातभट्टीची ती दारू अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळायची. शपथेनंतर आठ दिवस त्याने दम धरला. नवव्या दिवशी प्यायला. घरी आला आणि माझ्या नाकाशी बोट धरून बसला. श्वास चालू आहे का बघत होता. मीही डोळे मिटून मरायची वाट बघत होते.

मेले नाही. पण आज ना उद्या ही जाणार, या धास्तीने तो आणखी प्यायला लागला. त्याचा हात जवळ आला की मी डोकं खाली घ्यायची.

शेवटी आईने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेले. तिथे एक तेलुगू सिस्टर दारू पिणाऱ्यांशी बोलायची. तिच्यासमोर जाताच बाप कान धरून उभा राहिला. सगळीकडे तेच करून घेतलं होतं त्याच्याकडून.

"कान छोड़ो भाई, बैठो," ती म्हणाली. "पीके तुमकू अच्छा क्या लगता, पहले वो बोलो."

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. पाठीची कळ थांबते, कारखाना आठवत नाही, तो सांगत गेला. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "और बुरा क्या लगता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बच्ची मेरे हाथ से डरती."

"बच्ची तुम्हारे हाथ से डरती," ती एवढंच म्हणाली. बाप हमसून हमसून रडला.

"छोड़ने का मन कित्ता है? दस में से बोलो."

"तीन."

आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "तीन कैकू? एक कैकू नहीं?"

आणि बाप स्वतःच कारणं सांगू लागला. पोरीची शाळा. बायकोचे सुजलेले पाय. कुणी त्याच्या तोंडात कोंबलेली नव्हती ती कारणं, त्याचीच होती.

लगेच सुटली नाही. दोनदा घसरला. दोन्ही वेळा आपल्या पायांनी तिच्याकडे परत गेला, कारण तिथे कान धरावे लागत नव्हते. वर्षभराने सुटली. पण माझ्या डोक्यावर त्याने मरेपर्यंत हात ठेवला नाही. माझ्या लग्नातसुद्धा लांबूनच हात जोडले. यासाठी मी साहेबांना कधीच माफ करणार नाही.

सिस्टरचं काम मी शिकले. हायटेक सिटीतल्या एका कंपनीत समुपदेशक म्हणून लागले. परवा कंपनीच्या गाड्यांचे तीन ड्रायव्हर पिऊन आले. पुण्याहून आलेल्या आमच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रविवारी फॅमिली डे आहे. तिघांना मुलांसकट स्टेजवर घ्या. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. मस्त इमोशनल होईल. या लोकांना भीतीच लागते."

शब्दन् शब्द तोच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, सुरुवात तुम्ही करा," मी म्हणाले. "तुमची सिगारेट. मुलीच्या डोक्यावर हात ठेवा आणि पुन्हा ओढली तर ती मरेल असं तीनदा म्हणा."

"माझ्या मुलीला मध्ये आणायचं नाही!"

"नाही आणत. त्यांच्याही मुलांना आणू देणार नाही."

"नोकरी करायची आहे ना, मॅडम?"

"करायची आहे. उद्या त्या तिघांना एकेकटं माझ्यासमोर बसवा, मी बोलते. पण स्टेजवर एक जरी मूल चढवलंत, तर माइक मी घेईन. आपल्याच मरणाची शपथ ऐकताना नऊ वर्षांच्या पोरीला काय होतं, ते सगळ्यांना सांगेन. ही कल्पना कुणाची, तेही सांगेन."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. दुपारी खाली हॉलमध्ये स्टेजच्या फळ्या आल्या.

रविवारी मी पहिल्या रांगेत, माइकच्या जवळ बसणार आहे.